मदरबोर्डाची सोयरीक

किसनमामाची नक्कल करायची असंल तर आधी नाकातून हवा सोडायची, मंग घशात सुपारीचं खांड अडकल्यासारखं करायचं, आन समोरच्याकडं न बघता छताकडं बघून म्हणायचं, "हां... घराणं कोणतं?"

एवढं जमलं की अर्धे मामा जमले. बाकीचे अर्धे हातात. डाव्या हातात सुपारी, उजव्या हातात अडकित्ता. बोलता बोलता मामा सुपारी अडकित्त्यात धरायचे, पन कापायचे न्हाई. नुसती धरून ठेवायचे. समोर बसलेल्या पोरीच्या बापाचा सगळा जीव त्या सुपारीत. कारण आमच्याकडं सुपारी फुटली म्हंजे शब्द दिला. मंग आभाळ पडलं तरी सोयरीक मोडत न्हाई. आन मामाची सुपारी कधी फुटंल हे मामाला बी माहीत नसायचं. मधीच 'कट्' असा आवाज यायचा, आन दोन घरं एकमेकांच्या गळ्यात पडायची.

कॉलेजच्या गॅदरिंगला म्या हीच नक्कल केल्ती. पोरं हसून हसून खुर्च्यांवरून पडले. खाली उतरलो तं पहिल्या रांगेत मामाच बसेल. मामा उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आन म्हणले, "बराबर करतो. पन अडकित्ता डाव्या हातात धरला तू. एखाद्या सोयऱ्यानं पाह्यलं तर म्हणंल, किसन डावखुरा झाला."

मामा म्हंजे माझ्या आईचे चुलतभाऊ. राहायला केदारखेड्याला. नोकरी जालना एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत, म्हंजे कंपनी तिथं आन मामा रानात. शेतकऱ्यांच्या प्लॉटवर जाऊन कपाशीचा संकर बराबर चालू हाय का ते बघायचं. एका बाजूला नराच्या ओळी, एका बाजूला मादीच्या. सकाळी नराचं फूल खुडून बाया मादीच्या फुलावर घासायच्या, आन मामा धुऱ्यावर उभं राहून नजर ठेवायचे. कोणी विचारलं, मामा काय काम करता, तर म्हणायचे, "दिवसा झाडाच्या सोयरिकी, रविवारी माणसाच्या. फरक एवढाच, झाडाचे सोयरे रुसत न्हाईत."

एकशे अकरा सोयरिकी जमवल्या, एक बी मोडली न्हाई. हे वाक्य मामा नमस्कारासारखं वापरायचे. एकदा सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय त्रास होतो. मामा म्हणले, "एकशे अकरा जमवल्या, एक बी मोडली न्हाई. आन पोट दुखून राह्यलं."

पोरगा पारखायची त्यांची एक पद्धत व्हती. पोराला म्हणायचे, चाल, मला सायकलीवर मळ्यापर्यंत सोड. मामा कॅरिअरवर, पोरगं पायडल मारून राह्यलं. मळ्याच्या आधी एक चढ हाय, चांगला दम काढणारा. पोरगं तिथं म्हणलं, "मामा, जरा उतरा, जमंना," तर पास. दात-ओठ खाऊन, घामानं न्हाऊन, काहीच न बोलता वर पोचलं तर नापास. पोराचा बाप भांडायला यायचा, "अहो मामा, पोरगं दणकट हाय, तुम्हाला घेऊन चढ चढलं!" मामा म्हणायचे, "दणकट हाय, पन मुकं हाय. ज्याला जमंना झालं तरी तोंडानं सांगता येत न्हाई, त्याच्या घरात माझी पोरगी काय करंल? भिंतीशी बोलंल?"

आन पोरीला घरच्यांसमोर एकच सवाल. "तुला पसंत हाय का? खरं सांग. तुझा बाप बहिरा हाय असं समज." त्या काळात आमच्याकडं हे कोणीच विचारत नव्हतं. कितीक पोरी न्हाई म्हणल्या. मामा तिथंच सुपारी खिशात टाकायचे आन पोहे अर्धे सोडून उठायचे.

आता यातली गंमत अशी, की हेच मामा सोताच्या घरी मामीसंग बोलत नव्हते.

एक-दोन दिवस न्हाई, नऊ वर्षं. भांडण काय, तर मामीच्या धाकट्या बहिणीची सोयरीक. मामी म्हणत व्हती, त्या घरी देऊ नका. मामानं सुपारी फोडली. पोरगी सुखात नांदली, दोन लेकरं झाली, घरात फ्रीज आला. मामी चुकीची निघाली. आन मामा बराबर निघाले हे मामीला कधीच माफ करता आलं न्हाई. मामाला बी आपण बराबर व्हतो ह्याची दर महिन्याला आठवण करून द्यायची सवय. एक दिवस मामीचं बोलणं बंद झालं. मंग मामाचं बी.

पन संसार तं चालला पाहिजे. म्हणून दोघं चंद्रीच्या मार्फत बोलायचे. चंद्री म्हंजे म्हैस. मामी धार काढता काढता म्हणायची, "चंद्रे, सांग त्यांना, पीठ संपलं." मामा ओट्यावरून म्हणायचे, "चंद्रे, सांग, सांजच्याला आणतो." चंद्री रवंथ करून राह्यली. पाहुणा आला की चंद्रीला सुट्टी, मंग पाहुण्याच्या मार्फत. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो की आठ दिवस म्हशीची ड्यूटी करायचो. मामाची सोयरीक त्यांच्या आजोबानं जमवलेली. मामा ती आपल्या वहीत धरायचे न्हाई. "ती दुसऱ्याची हाय. तिची गॅरंटी माझ्याकडं न्हाई," म्हणायचे.

तर अशा माणसाच्या हातात माझा कॉम्प्युटर गेला.

साल दोन हजार तीन-चारच्या आसपासचं. मी जालन्यात बी.एस्सी. करून राह्यलो व्हतो, म्हंजे कॉलेजच्या समोरच्या सायबर कॅफेत बसून मोटारीच्या रेसचा गेम खेळून राह्यलो व्हतो. माझा दोस्त जावेद जुन्या जालन्यात एका दुकानी कॉम्प्युटर दुरुस्तीला जायचा. त्यानं डोक्यात घातलं, आयता कॉम्प्युटर घ्यायचा न्हाई, पार्ट आणून जोडायचा. कमी पैशात जबरदस्त गेमिंग मशीन. त्यानं सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर यादी बी करून दिल्ती.

आबांना, म्हंजे माझ्या वडलांना, म्हणलं, अभ्यासाला पाहिजे. आबा म्हणले, पंचवीस हजार देतो, पन निवडायला किसनला संग ने.

"आबा, मामानं कॉम्प्युटर पाह्यला बी न्हाई!"

"मला बी त्यानं आधी कुठं पाह्यलं व्हतं? तरी तुझ्या आईसंग जमवलं ना?" आबा म्हणले. "वेगवेगळ्या घरच्या वस्तू एका घरात आणायच्या, त्या एकमेकींशी पटल्या पाहिजेत. हे काम किसनचंच हाय."

म्या जावेदची यादी खिशात घातली आन मामाला निरोप धाडला.

शुक्रवारी मामा आले. धुतलेलं धोतर, टोपी, खांद्यावर पिशवी. जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या वर गोटूशेठचं दुकान व्हतं, आधी घड्याळाचं, मंग कॅसेटचं, आता कॉम्प्युटरचं. जावेद म्हणला, तुम्ही चला, मी नमाज पढून येतो, तोवर काही फायनल करू नका. मी म्हणलं बराबर. मामा म्हणले बिलकुल.

मामा दुकानात शिरले, चपला बाहेर काढल्या आन गादीवर मांडी घालून बसले. गोटूशेठ म्हणला, "बोला मामा, काय दाखवू?"

"दाखवा म्हंजे? आधी पोहे तर येऊ द्या."

गोटूशेठ माझ्याकडं पाहू लागला. मी छताकडं. शेवटी खालच्या गाड्यावरून चार प्लेट पोहे आले. गिऱ्हाईक म्हणून आलेला एक पोस्टमन, त्याला बी मामानं बसवून घेतलं. "चार माणसं पाहिजेत. साक्षीला."

आधी आलं ते वीज देणारं डबडं, एसएमपीएस. मामानं ते हातात घेऊन वरखाली केलं. "हे काय काम करतं?"

"सगळ्यांना लाइट पुरवतं मामा."

"म्हंजे बाप. मंग हा लईच हलका हाय. एवढ्या हलक्या बापावर घर चालंल का? जड दाखवा." जड आलं. जावेद पुढं मला म्हणला, मामूने आँख बंद करके सबसे बढ़िया उठाया. मामानं डोळे उघडेच ठेवले व्हते, पन ते त्याला कुठं माहीत.

मंग रॅम. यादीत दोनशे छप्पनची लिहिली व्हती. गोटूशेठनं समजावलं, ही मशीनची याददाश्त, जेवढी जास्ती तेवढं बरं.

"कोण म्हणलं?" मामा म्हणले. "घरात याददाश्त कोणाची जास्ती असते? सासूची. पंधरा सालाआधी रुखवतात किती लाडू व्हते ते तिला आठवतं, म्हणून घरं मोडतात. अर्धी द्या."

"मामा, गेम अडकंल!" मी कळवळलो.

"अडकंल, पन भांडण व्हनार न्हाई."

एकशे अठ्ठावीसची रॅम घेतली. सहा महिन्यांनी म्या मामाला न सांगता दुसरी सासू आणली, ती गोष्ट वेगळी.

मंग आलं ग्राफिक्स कार्ड. गेमचं चित्र काढणारं तेच. त्याच्यावर लहानसा पंखा, चकचकीत हिरवी पट्टी, सोनेरी दात. मामाचा चेहराच बदलला. पंख्यावर फू करून बघितलं, तो फिरला. "ह्यो नवरदेव. फेटा बांधूनच आला." कागदाच्या डब्याला चारी बाजूनं न्याहाळलं. "आधी कुठं बसवला न्हाई ना? खरं सांगा शेठ, मी नंतर चौकशी करतोच."

"सील फोडलंय तुमच्यासमोर, मामा."

आन शेवटी मदरबोर्ड, म्हंजे बाकीचे सगळे पार्ट जिच्यावर बसतात ती पाटी. गोटूशेठकडं त्या दिवशी दोन व्हते. एक साधा पिवळट, एक असा लाल, की बघत राहावं. लालवाला स्वस्त बी व्हता. मामानं तो मांडीवर घेतला. त्याच्या अंगावरचे कंडेन्सर मोजले. "घराणं कोणतं?" गोटूशेठनं कंपनी सांगितली. "गाव?" गोटूशेठनं डब्यावर वाचून तैवान म्हणलं. "लांब पडलं. पन पोरगी चांगली हाय. गरीब स्वभावाची दिसते."

गोटूशेठनं बोट वर केलं, "मामा, एक सांगायचं..."

"पोरीच्या बापानं मधी बोलू नये."

"अहो पन याच्यात..."

"शेठ, पोहे खा."

तिसऱ्यांदा बोट वर व्हनार, तेवढ्यात 'कट्'. सुपारी फुटली. मामानं खांडं सगळ्यांना वाटली. मला, गोटूशेठला, पोस्टमनला. डब्यावर हळदकुंकू लावलं. पोस्टमननं टाळ्या वाजवल्या.

जावेद जिना चढून आला तो नेमका तवा. त्यानं कार्ड पाह्यलं, बोर्ड पाह्यला, परत कार्ड पाह्यलं.

"मामू, ये कार्ड बैठेगा किधर?"

"बोर्डात."

"कौनसे बोर्ड में? इसमें स्लॉटच नै है!"

प्रकार असा व्हता. ते कार्ड बसायला बोर्डावर एक वेगळी तपकिरी खाच लागते. त्या लाल बोर्डाला ती दिलेलीच नव्हती, म्हणून तं तो स्वस्त. पांढऱ्या खाचा तीन, तपकिरी एक बी न्हाई. गोटूशेठ म्हणला, "मी तेच सांगून राह्यलो व्हतो. काही प्रॉब्लेम न्हाई मामा, बोर्ड बदलून देतो, दोन मिनटाचं काम."

मामा पांढरेफट्ट पडले. "बदलून? सुपारी फुटली शेठ."

"मामा, ती वस्तू हाय."

"वस्तूला काय झालं? सुपारी तं खरी व्हती ना? ह्या पोस्टमननं खाल्ली ना?"

पोस्टमन मान डोलावून म्हणला, खाल्ली.

मामा उठले, जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. मी मागं गेलो. मामा समोरच्या भिंतीकडं बघून म्हणले, "एकशे अकरा, बाप्पू. भोकरदनपासून जाफराबादपर्यंत लोक डोळे झाकून लेकी देतात माझ्या शब्दावर. उद्या म्हणतील, किसननं खाच न्हाई ते बी पाह्यलं न्हाई. आन ती पोरगी माघारी गेली तर तिचं काय? शेठ तिला सगळ्यात खालच्या फळीवर टाकंल. फोडलेला डबा कोण घेतं?"

मी हसणार व्हतो, पन पायरीवर त्यांच्याजवळ बसलो. ह्यो माणूस बोर्डाबद्दल बोलून राह्यला व्हता, पन अशी गत झालेल्या पोरी त्यानं खऱ्या पाह्यल्या व्हत्या.

मंग एकदम उठले. "खाच न्हाई ना? पाडू."

जावेदचे चाचा एमआयडीसीत टर्नर. लोखंडाच्या गिरण्यांचे पार्ट बनवायचे. मामानं बोर्ड छातीशी धरला, आम्ही तिघं टेम्पोत बसून चाचाच्या लेथवर. जावेद वाटभर म्हणत व्हता, "मामू नक्को, मामू खुदा के वास्ते नक्को." मामा म्हणले, "तू लहान हाय. टर्नरला न जमणारी गोष्ट दुनियेत न्हाई."

चाचांनी बोर्ड हातात घेतला, चष्मा वर केला आन म्हणले, "कितना चीरना है?"

मामानं कार्डाच्या सोनेरी दातावर बोट ठेवून माप दाखवलं. चाचांनी हॅकसॉ उचलला. जावेदनं झेप घेऊन बोर्ड ओढला आन पोटाशी धरून जमिनीवर बसला. चाचा ओरडले, "अरे हट, कस्टमर खड़ा है!"

"चाचा, इसके अंदर सब बारीक रस्ते हैं। एक कटा तो मर जाएगी।"

"मर जाएगी?" मामानं विचारलं.

"मर जाएगी मामू।"

मामानं चाचांच्या हातातला हॅकसॉ काढून ठेवला. तिकडं पत्र्याच्या बाहेर गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, माणसं सायकलीवर जाऊ लागली.

"सोयरीक मोडली कधी म्हणायची?" मामा एकदम बोलले. "पोरगी बापाच्या घरी माघारी गेली तर. माघारी गेलीच न्हाई तर मोडली कशी? नवरदेवात खोट निघाली तर मांडवातल्या दुसऱ्या कोणी पुढं व्हायचं, अशी आपली रीत हाय."

"मंग कोण पुढं व्हनार?"

"मी," मामा म्हणले. "ही माझ्या घरी येईल. तिच्याजोगा जोडीदार मी बघंन."

तसंच झालं. मामानं त्या बोर्डाचे पैसे सोताच्या खिशातून दिले. माझ्यासाठी जावेदनं पिवळट बोर्ड आणला, तपकिरी खाचेचा. कार्ड त्यात टक्क बसलं. मामानं मात्र त्याची सुपारी फोडली न्हाई. "ते तुमचं तुम्ही बघा. ते लव्ह मॅरेज हाय," म्हणले. पुढं चार वर्षं ती मशीन झ्याक चालली, अजून काय पाहिजे.

पन मामाला चैन नव्हतं. बियाण्याच्या कामानं जालन्याला आले की गोटूशेठकडं चढायचे. "पोरीला काही स्थळ?" गोटूशेठ बी सवयीनं म्हणायचा, "एक प्रोसेसर हाय मामा, जरा वयस्कर हाय, पन निर्व्यसनी." असं करत करत एक जुना प्रोसेसर आला. चार जीबीची एक हार्डडिस्क आली, चालू झाली की कण्हायची. बंद पडलेल्या सायबर कॅफेतून विजेचं डबडं, रॅम, कीबोर्ड आन चौदा इंची मॉनिटर आला. त्याच्यावर सगळं जग हिरवं दिसायचं. मामा म्हणले, चांगलं हाय, हंगाम बरा वाटतो.

राह्यली फक्त कॅबिनेट, म्हंजे सगळं आत बसवायची पेटी. मामाची नजर मामीच्या लग्नातल्या पत्र्याच्या ट्रंकेवर गेली. ट्रंकेत मामीचे शालू.

ह्यासाठी चंद्रीच्या मार्फत जी बोलणी झाली, ती मी सोता ऐकली. त्या दिवशी जावेद आन मी केदारखेड्याला गेल्तो.

"चंद्रे, सांग, ट्रंक पाहिजे."

"चंद्रे, विचार, कशाला?"

"चंद्रे, सांग, एक पोरगी बिनघराची हाय."

मामीनं चरवी सरकवून घेतली. मंग मामी म्हणली, "चंद्रे, विचार, तिला कोणी टाकली?"

मामा टोपी काढून झटकू लागले. मी म्हणलं, "मामी, कोणी टाकली न्हाई. मामानंच खाच न पाहता जमवली."

मामीचा हात थांबला. तिनं मान वळवून मामाकडं पाह्यलं. नऊ वर्षांत मामा पहिल्यांदा चुकले व्हते, आन तिला ते आज समजलं. तिच्या तोंडावर असं काही तेज आलं की काय सांगू. उठली, शालू काढून कोठीवर ठेवले आन ट्रंक ओढत ओट्यावर आणून टाकली.

ट्रंक एमआयडीसीत गेली. चाचांनी हवेसाठी तिला मनसोक्त भोकं पाडली. त्यांची राह्यलेली इच्छा पुरी झाली. जावेदनं आत लाकडाची फळी टाकून त्यावर बोर्ड बसवला. ट्रंकेवर मामीचं माहेरचं नाव पांढऱ्या रंगात लिहेल व्हतं, ते तसंच. बटण दाबलं. हार्डडिस्क कण्हली, हिरवं जग उजाडलं. मामानं डोळे पुसले. "नांदली पाहिजे आता," म्हणले. "नांदली तरच एकशे बारावी धरंन."

जावेदनं त्यात एकच गेम टाकला. दुसरा चाललाच नसता. रणगाड्यांचा. एका कीबोर्डवर दोन माणसं, दोन रणगाडे, मधी विटांचा किल्ला. चारी बाजूनं दुश्मन येतात, दोघांनी मिळून किल्ला सांभाळायचा. एकट्याला तो सांभाळणं जमतच न्हाई.

नंतर माझी परीक्षा लागली, जाणं झालं न्हाई. चार-पाच महिने गेले. मंग एक दिवस आबा चिंतेत घरी आले. म्हणले, "किसन दोन महिन्यांपासून जालन्याला आला न्हाई. सोयरिकीचे लोक घरी जाऊन माघारी येऊन राह्यले. कंपनीत सुट्टी टाकली म्हणतात. जा, बघून ये. जिवंत हाय का न्हाई."

दुपारची एसटी धरून गेलो. ओट्यावर एक पाहुणे बसेल व्हते, भोकरदनकडचे, पोरीचे वडील. पुढ्यात पोह्यांची प्लेट, पोहे गार होऊन पांढरे झाल्ते. मी विचारलं, "मामा हायेत का?"

"हायेत," पाहुणे कळवळून म्हणले. "आत हायेत. तासभर झाला. 'बसा, हे एवढं व्हऊ द्या' म्हणले. आत काय व्हऊन राह्यलं ते समजंना."

आतून आवाज आला. बाईमाणसाचा, खणखणीत.

"अवं, डावीकडं! डावीकडून आला!"

"दिसून राह्यलं मला!"

"काय दिसून राह्यलं? गोळी कुठं मारून राह्यले? आपल्याच किल्ल्याला!"

"मंग तू मधी काहून आली?"

"मी आले म्हणून वाचले तुम्ही! हटा, बाणाची बटणं मला द्या."

मी दारातच थांबलो. गोठ्याकडं पाह्यलं. चंद्री खाली बसून आरामात रवंथ करून राह्यली. नोकरी सुटल्यासारखी.

दारातून डोकावलो. ट्रंक पाटावर ठेवेल, तिच्या भोकांतून गरम हवा येऊन राह्यली. हिरव्या उजेडात दोघं एका सतरंजीवर, एका कीबोर्डवर, गुडघ्याला गुडघा लावून. मामाची टोपी मागं सरकलेली. मामीनं पदर खोचेल. मामा म्हणले, "थांब, जमंना मला, ह्यो कोपरा तू सांभाळ." मामी म्हणली, "मंग आधीच सांगायचं ना." आन सांभाळला.

तेवढ्यात लाइट गेली. चारला जायचीच. हार्डडिस्क एकदा कण्हून गप झाली. हिरवं जग बारीक होत होत एक ठिपका राह्यलं, मंग तो बी गेला.

मला वाटलं, झालं. आता परत म्हैस.

मामी त्या काळ्या काचेकडं बघत बसली. मंग मामाकडं न बघता, पन मामालाच, चंद्रीला न्हाई, म्हणली, "मंग आता काय करायचं?"

एकशे अकरा घरांत ज्याचं तोंड कधी थांबलं न्हाई तो माणूस नुसता घसा साफ करत राह्यला. शेवटी त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला. डाव्या हातात सुपारी, उजव्या हातात अडकित्ता. या वेळेला धरून ठेवली न्हाई.

'कट्.'

एक खांड मामीच्या तळहातावर ठेवलं, एक सोताच्या तोंडात टाकलं.

ओट्यावरचे पाहुणे तो आवाज ऐकून ताडकन उठले. पोह्यांची प्लेट सांडली. "जमली का मामा?" त्यांनी बाहेरूनच ओरडून विचारलं. "जमली का?"

"जमली!" मामा आतून म्हणले.

पाहुणे माझ्या गळ्यात पडून रडू लागले. मी त्यांची पाठ थोपटत राह्यलो. कोणाची जमली, ते सांगायची माझी हिंमत झाली न्हाई.